शेपटी वर, नजर जमिनीवर

फेब्रुवारी उलटला की या सदराच्या टपालातले पक्षी बदलतात. थंडीत परीट आणि गप्पीदासांची चौकशी असते. उन्हं तापली की अंगणातले कायमचे रहिवासी डोळ्यांत भरू लागतात, कारण त्यांची भांडणं, गाणी आणि घरटी सुरू झालेली असतात. यंदा तर निम्मी पत्रं एकाच पक्ष्याची निघाली. काहींना ते ठाऊक होतं, बऱ्याच जणांना नव्हतं. म्हणून हे पान सबंध त्यालाच. व्हॉट्सॲपवरचे प्रश्न जरा आवरून घेतलेत, भाषा तुमचीच ठेवलीय.

प्रश्न : आमच्या अंगणात रोज सकाळी एक काळा पक्षी येतो. चिमणीपेक्षा किंचित मोठा. शेपटी इतकी वर करतो की आता पाठीला टेकते की काय असं वाटतं. शेपटीखाली विटकरी रंग आहे. उडाला की खांद्यावर पांढरं काहीतरी चमकतं. माझे धाकटे दीर म्हणतात दयाळ, शेजारीपाजारी काळी चिमणी म्हणतात. फोटो पाठवलाय, पण हललाय.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, फोटो हलला असला तरी त्यात उभी शेपटी स्पष्ट आहे आणि तुमचं वर्णन फोटोपेक्षा चांगलं आहे. हा चिरक. इंग्रजीतलं नाव इंडियन रॉबिन. तुमच्याकडे येतो तो नर.

दिरांना फार बोलू नका. दयाळ आणि चिरक दोघंही शेपटी उभारतात, दोघंही भुईवर उतरून किडे टिपतात, दोघंही माणसाच्या वस्तीला सरावलेले. पण दयाळ बुलबुलाएवढा असतो आणि त्याचं पोट पांढरंशुभ्र असतं. पंखावरून मागे गेलेला लांब पांढरा पट्टा, शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या. बसला काय, उडाला काय, त्याचं पांढरं लपत नाही. चिरकाचं पोट काळं, त्यावर उन्हात निळसर झाक, आणि शेपटी सबंध काळी. पांढरं असतं ते फक्त खांद्यापाशी. शांत बसला की त्याची बारीक रेघ दिसते, कधी तीही नाही. पंख उघडले की दिसतं. तुम्ही ‘चमकतं’ लिहिलंत ते म्हणूनच पटलं. आणि शेपटीखाली विटकरी रंग दयाळाला नसतोच. एवढ्यावर प्रश्न मिटतो.

पण इतर वाचकांसाठी थोडं लांबण लावते. पक्षी ओळखायला बसलं की लोक रंगापासून सुरुवात करतात. माझा हट्ट उलटा आहे. आधी तो कुठे आहे ते बघा, मग पाय कसे टाकतो आणि शेपटीचं काय करतो ते बघा, रंग सगळ्यांत शेवटी. मार्चच्या उन्हात पंचवीस पावलांवरून निम्मे पक्षी काळेच दिसतात. चाल मात्र लांबूनही कळते.

मी सासवडजवळ राहते. घरासमोर शेताची जुनी दगडी ताल आहे आणि तिच्यावर चिरकाच्या एका जोडीची वहिवाट आहे. नर दगडावरून खाली उतरतो, तुरुतुरु पळतो, मध्येच दोन उड्या घेतो आणि थबकतो. थबकला की शेपटी झटक्यात वर, पंख किंचित ढिले. मान तिरकी करून एका डोळ्याने जमीन बघतो. मग एकदाच चोच मारतो, आणि पुन्हा पळ. सातभाईंची टोळी झाडाखाली पालापाचोळा उलथत बसते, तसा धसमुसळेपणा याच्याकडे नाही. जमीन उघडी हवी, त्यावर काही हललं पाहिजे, ते याने टिपलं पाहिजे, असा सरळ कारभार. मुंग्या, वाळवी, भुंगेरे, कोळी, टोळाची पिल्लं. गेल्या उन्हाळ्यात याच नराने पालीचं बोटभर पिल्लू धरलं होतं. ते दगडावर आपटून आपटून मऊ केलं आणि मगच घेऊन गेला. घरट्यात पिलं असली की असली मोठी शिकारही चालते, छोटे बेडूकसुद्धा.

आता घोटाळा होण्यासारखे आणखी दोघं. एक थिरथिरा. तोही काळपट, तोही अंगणात, पण तो पाहुणा. पावसाळा सरला की उत्तरेकडून येतो, एप्रिलपर्यंत परततो. त्याचं पोट आणि शेपटी तांबूस-नारिंगी असते आणि शेपटी तो उभी धरत नाही, थरथरवतो. मे महिन्यात कुणी मला ‘थिरथिरा दिसला’ असं कळवलं की मी आधी तारीख पुन्हा विचारते. दुसरा कवड्या गप्पीदास. हा काळा-पांढरा, पण चिमणीहूनही लहान, कमरेवर आणि पोटाच्या खालच्या भागात पांढरा. ज्वारीच्या ताटावर, तारेवर, काटकीच्या शेंड्यावर बसून राहणार, किडा दिसला की खाली झेप, की परत शेंड्यावर. चिरकही उंचावर बसतो, पण त्याचा दिवस जातो भुईवर.

प्रश्न : काळ्याबरोबर एक मातकट पक्षी नेहमी असतो. दोन वेगळ्या जातींची दोस्ती असते का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : दोस्ती नाही, लग्न आहे. मातकट ती मादी. अंग राखाडी-तपकिरी, खांद्यावर पांढरं नाही, पण शेपटी काळपट, तशीच उभी, आणि तिच्याखाली तोच विटकरी रंग. ती एकटी दिसली तर लोक हमखास फसतात, म्हणून शेपटीखाली बघायची सवय ठेवा. नुकती उडालेली पिलंही मादीसारखीच मातकट असतात. त्यांच्या गळ्यावर ठिपक्यांसारखी अस्पष्ट नक्षी असते, आणि आईबापांच्या मागे तोंड उघडून धावतात, त्यावरून लगेच कळतं.

प्रश्न : मी मूळचा धुळ्याचा, नोकरीनिमित्त मदुराईला असतो. मदुराईतला चिरक पाठीवरही काळाकुळकुळीत आहे. गावाकडे दिसतो त्याची पाठ तपकिरी वाटते. मला वाटायचं, आमच्याकडचे पक्षी धुळीने मळतात! खरं काय?
— एक वाचक

उत्तर : धुळ्याची धूळ यात निर्दोष आहे. जात एकच, पण तिचे प्रदेशागणिक प्रकार आहेत. उत्तरेकडच्या नरांची पाठ तपकिरी आणि पोट काळं, दक्षिणेकडच्या नरांची पाठही काळी, श्रीलंकेतलेही काळेच. दोघांच्या मध्ये आपलं दख्खन. म्हणून महाराष्ट्रात फिरताना पाठीचा रंग एकसारखा मिळत नाही, कुठे काळपट तपकिरी, कुठे जवळजवळ काळा. तुम्ही दोन टोकांना राहिलात म्हणून फरक डोळ्यांत आला. पुढच्या सुट्टीत रेल्वेने येताना मधल्या स्टेशनांवर बघत या, फलाटाच्या कडेला खडीत हा पक्षी बऱ्याचदा असतो.

दक्षिणेवरून आठवलं म्हणून सांगते. या पक्ष्याचं शास्त्रीय बारसं झालं तेव्हा पत्ताच चुकला होता. फ्रान्सच्या ब्रिसाँने १७६० साली याचं वर्णन केलं ते फिलिपिन्सचा पक्षी म्हणून. १७६६ मध्ये लिनियसने त्याच वर्णनाच्या आधारे नाव दिलं. फिलिपिन्समध्ये हा पक्षी नाहीच. पुढे अभ्यासकांनी मूळ ठिकाण दुरुस्त करून पुदुच्चेरी केलं, म्हणजे तुमच्या मदुराईच्याच बाजूचा काळ्या पाठीचा चिरक.

प्रश्न : एक काळा पक्षी पंधरा दिवसांपासून माझ्या मोटारसायकलच्या आरशावर चोची मारतोय. सकाळी साडेसहाला सुरुवात, ऑफिसला निघेपर्यंत चालूच. आरसा घाण करून ठेवतो ते वेगळंच. पत्नी म्हणते याला वेड लागलंय. पक्षी जखमी होईल का? हाकलू कसा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वेड नाही, हद्दीचा वाद आहे. विणीच्या दिवसांत चिरकाचा नर आपला टापू ठरवून घेतो आणि त्यात दुसरा नर आला की आधी गातो, मग खांद्याचं पांढरं दाखवत छाती काढून पुढे जातो, आणि समोरचा हटला नाही तर भिडतो. बहुतेक वेळा समोरचा हटतो. तुमच्या आरशातला हटत नाही. हा पुढे आला की तोही पुढे येतो, याने शेपटी उभारली की त्याचीही उभी. एवढा निर्ढावलेला शेजारी त्याला कुठे भेटणार! आरशाशी आणि काचेशी भांडणं ही चिरकाची जुनी खोड आहे, दयाळही करतो. मादीलाही क्वचित असा झटका येतो.

जखम सहसा होत नाही. पण यात त्याचा वेळ आणि ताकद दोन्ही वाया जाते, आणि तिकडे घरट्यावर मादी एकटी असते. उपाय अगदी सोपा : गाडी लावली की दोन्ही आरशांवर जुने मोजे चढवा. चारचाकी असेल तर आरसे मिटून ठेवा. खिडकीच्या काचेशी भांडत असेल तर आतून पडदा ओढून उपयोग नाही. मागे अंधार झाला की काच उलट जास्तच आरसा होते. काचेच्या बाहेरच्या बाजूने वर्तमानपत्र चिकटवा किंवा साबणाचं पाणी पुसून तसंच वाळू द्या. प्रतिबिंब दिसेनासं झालं की हा गडी आपल्या कामाला लागतो. हाकलू नका. हाकलला तरी परत येणार, कारण त्याच्या हिशेबाने जागा त्याची आहे, तुम्ही फक्त तिथे गाडी लावता.

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या दगडी भिंतीत एक दगड निखळलाय, त्या भोकात या पक्ष्याने घरटं केलंय. मुलाने मोबाईलच्या उजेडात पाहिलं तर आत तीन अंडी, आणि अंड्यांच्या खाली सापाची कात! सासूबाई घाबरल्यात. त्या म्हणतात, साप भिंतीत आहे, घरटं काढून भोक लिंपून टाका. अंडी काढून दुसरीकडे ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, श्रीगोंदा

उत्तर : या पत्राला मी फोनवरच उत्तर दिलं, कारण छपाईपर्यंत थांबले असते तर भोक लिंपून झालं असतं. इथे सविस्तर देते, कारण असं बऱ्याच घरांत होत असणार.

पहिली गोष्ट सासूबाईंसाठी. कात सापाने तिथे टाकलेली नाही, पक्ष्याने आणलीय. चिरकाच्या घरट्याचं सामान पाहिलंत तर मजा वाटेल : खाली गवत, काड्या, बारीक मुळ्या, आणि वर बैठकीला गुराढोरांचे, शेळीचे किंवा माणसाचे केस. आणि मिळाली तर कातेचे तुकडे. ही त्याची नेहमीची सवय आहे, पक्ष्यांवर लिहिणाऱ्या जुन्या लोकांनीही नोंदवून ठेवलेली. माळावर, तालीच्या दगडांत, वारुळाशेजारी कात पडलेली असते आणि हा दिवसभर तिथेच चरतो, त्यामुळे सामान हाताशी असतं. तुमच्या मुलाला सांगा, कात पुढच्या वेळी नीट बघ : ती तुकड्यांनी आणि गवतात विणलेली असेल. साप स्वतः कात टाकतो तेव्हा ती दगडाच्या कपारीतून लांबच लांब सुटलेली असते.

का आणतो, हा प्रश्न मुलगा विचारणारच. बिळात आणि ढोलीत घरटं करणारे जगातले इतर काही पक्षीही कात आणतात. अमेरिकेत आर्कान्सामध्ये याचा प्रयोग झाला, २००६ साली तो छापून आला. काही घरट्यांच्या पेट्यांत कात ठेवली, काहींत नाही. कात असलेल्या पेट्यांतली अंडी तिथल्या उडत्या खारींनी खाल्ली नाहीत. सापाचा वास किंवा खूण लागली की खारीसारखा चोर आत शिरायला कचरतो, असा त्याचा अर्थ. तिथला पक्षी वेगळा, तिथले चोर वेगळे, पण तुमच्या भिंतीवर खारी, उंदीर आहेतच. म्हणजे सासूबाई ज्याला भ्याल्या, त्याला खारीही भीत असेल तर पक्ष्याचं काम झालं!

सापाची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. दगडी भिंतीत साप राहू शकतो, घरट्यात कात असो वा नसो. भोकात हात घालायचा नाही, हे मुलाला बजावा. ते सापासाठीही आणि पक्ष्यासाठीही.

अंडी हलवली तर? नाही चालणार. मादी अंड्यांकडे येते म्हणजे त्या भोकाकडे येते. अंडी दहा हात लांब ठेवलीत तर ती तिच्या लेखी नाहीतच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांची अंडी काढणं किंवा घरटं मोडणं गुन्हा आहे. पण कायदा दाखवायची वेळ येऊ नये, कारण मामला मोठा नाही. चिरक तीन-चार अंडी घालतो. ती एकटी मादी उबवते, दहा ते बारा दिवस. पिलं बाहेर आली की नरही चारा आणायला लागतो, आणि मग सकाळी तासभर बसलात तर दोघांच्या खेपा मोजता मोजता थकाल. सगळं मिळून महिन्याभराचा प्रश्न. नंतर भिंत खुशाल लिंपा. फक्त आत दुसरी वीण सुरू नाही ना, हे बघून. जागा आवडली तर त्याच हंगामात पुन्हा घालतात.

या महिन्यात एवढंच पाळा. मोबाईलचा उजेड आत मारणं बंद. घरट्याचा फोटो, व्हिडिओ, रील, काही नको. आपण वारंवार जातो-येतो ते कावळा वरून बघत असतो. मांजर असेल तर भिंतीखालचं लाकूड, पिंप, शिडी असं चढायला मिळेल ते बाजूला घ्या. पिलं उडायच्या सुमारास एखादं खाली अंगणात बसलेलं दिसेल. ते पडलेलं नसतं, निघालेलं असतं. उचलून घरट्यात कोंबू नका, हळद लावू नका, दूध पाजू नका. कुत्र्या-मांजरापासून धोका असेल तर जवळच्या झुडपाखाली सरकवा आणि बाजूला व्हा.

भिंतच लागते असंही नाही. विजेच्या मीटरची पेटी, विहिरीच्या बांधकामातली खाच, बंद पडलेल्या पंपाचं घर, झाडाचं खोड, बांधावरच्या दगडांची सांद, पत्र्याचा डबा, पडीक खोलीतलं कपाट, अशा ठिकाणी घरटं केल्याची पत्रं याच ढिगात आहेत. मीटरच्या पेटीत असेल तर रीडिंग घ्यायला येणाऱ्याला आधी सांगा, झाकण हळू उघडा. पुष्कळदा ते स्वतःच काचेतून बघून जातात.

प्रश्न : दापोलीत इतकी वर्षं पक्षी बघतोय, चिरक काही दिसत नाही. दयाळ मात्र दारात. आमचं काय चुकतंय?
— एक वाचक, दापोली

उत्तर : तुमचं काही नाही, पावसाचं. चिरकाला कोरडा, दगडगोट्यांचा, खुरटं गवत आणि बोरी-बाभळीची झुडपं असलेला उघडा मुलूख लागतो. धो धो पावसाचे आणि गर्द झाडीचे भाग तो टाळतो. घाट चढून फलटण, दहिवडी, सांगोला अशा बाजूला गेलात तर एसटी स्टँडवर उतरताच भेटेल. कोकणात शोधायचाच असेल तर बागा सोडा, उघड्या कातळाच्या, विरळ झुडपांच्या जागा बघा.

आणि दारात दयाळ असताना तक्रार करू नये! गाण्यात चिरक त्याच्या पासंगालाही पुरत नाही. चिरकाचं गाणं बारीक, तोकडं, गोड. चिडला की नुसती चर्रचर्र. दयाळ मात्र मार्चपासून पहाटे नारळाच्या शेंड्यावर किंवा तारेवर बसून लांबलचक ताना घेतो, वर दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. बांगलादेशाने त्याला राष्ट्रीय पक्षी केलंय. हरिद्वारच्या गुरुकुल कांगडी विद्यापीठात त्याच्या आवाजावर अभ्यास झालेत. तुम्ही पहाटे एक खिडकी उघडी ठेवा, म्हणजे झालं.

प्रश्न : संध्याकाळी सात-साडेसातला, चांगला अंधार पडल्यावर, हायमास्ट दिव्याखाली हा पक्षी खाताना पाहिला. हे रात्रीचे पक्षी आहेत का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाहीत, पण संधी सोडत नाहीत. दिव्यावर झेपावून खाली पडलेले किडे फुकटात मिळतात, म्हणून दिवस मावळल्यावरही थोडा वेळ दिव्याखाली चरतात. नंतर झोपायला जातात. पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी निघते तेव्हा बघा.

प्रश्न : मी सातवीत आहे. इंग्रजीच्या धड्यात रॉबिनचं चित्र आहे. त्याची छाती लाल आहे. आपल्या रॉबिनची का नाही?
— एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : बाळा, तो युरोपातला रॉबिन, तिथले लोक नाताळच्या शुभेच्छापत्रांवर त्याचं चित्र छापतात. इंग्रज जिथे जिथे गेले तिथे घरच्या आठवणीने नावं वाटत गेले. आपल्याकडे जमिनीवर टुणटुण करणारा, माणसाला न बुजणारा, अंगावर थोडा लाल असलेला पक्षी दिसला, केला त्याला रॉबिन. लाल छातीवर नाही, शेपटीखाली आहे, याकडे त्यांनी काणाडोळा केला. अमेरिकेत तर त्यांनी एका मोठ्या कस्तुराला रॉबिन करून टाकलंय, तो या दोघांहून निराळ्याच कुळातला.

तरी आपला चिरक आणि युरोपातला रॉबिन एकाच मोठ्या कुळात येतात, माशीमारांच्या. आणि चिरकाचा त्याहून जवळचा नातेवाईक कोण, तर दयाळ. पूर्वी शास्त्रज्ञ चिरकाला वेगळ्या प्रजातीत, म्हणजे वेगळ्या खोलीत ठेवायचे. जनुकांचा अभ्यास झाल्यावर त्याला दयाळाच्याच प्रजातीत आणून बसवलं. बार्शीच्या ताईंच्या दिरांनी हे उत्तर वाचलं तर खूश होतील.

प्रश्न : माझी तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. हे काळे पक्षी बागेत खाली फिरतात. साळुंक्या, बुलबुल फार नुकसान करतात, त्यात यांची भर नको. जाळी लावायची तर लावतो, पण खर्च आहे. दुसरं, बांधावरचे दगड काढून बांध साफ करणार आहे, त्यावर मत सांगा.
— एक शेतकरी वाचक

उत्तर : दादा, जाळी साळुंक्यांसाठी लावायची तर लावा, चिरकासाठी एक रुपया घालवू नका. तो घड बघतही नाही. वेलीखाली फिरतो ते मुंग्या, वाळवी, भुंगेरे, अळ्या टिपायला. मातीतून वर येणाऱ्या किडीवर फुकटात बसवलेला राखणदार समजा. त्याने तुमची फवारणी थांबेल असं मी म्हणणार नाही, एवढी मोठी गोष्ट एका पक्ष्याच्या गळ्यात मारणं बरोबर नाही. पण फवारलेला किडा तो खातो आणि पिलांनाही भरवतो, म्हणून जमिनीवर कीटकनाशकाचा सडा टाळता आला तर बघा.

जाळी लावलीत तर खालची कड ताणून घट्ट बांधा. ढिली जाळी जमिनीवर लोळत असेल तर चरणारे पक्षी तिच्यात पाय अडकून मरतात. सापही अडकतात. रोज सकाळी एक चक्कर मारा.

बांधाचं विचारलंत ते बरं केलंत. जेसीबी लावून बांध एका दुपारी गुळगुळीत होतो, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून चिरक दिसेनासा होतो. दगडांच्या सांदी हेच त्याचं घरटं, टेहळणीची जागा आणि दुपारची सावली. चरायला उघडी जमीन, लपायला झुडूप, घरट्याला भोक, या तीन गोष्टी हाकेच्या अंतरात असल्या तरच जोडी टिकते. उघडी जमीन तुमच्याकडे आहेच. सगळा बांध ठेवता येत नसेल तर पूर्वेकडचा एखादा कोपरा सोडा, निघालेले दगड तिथेच रचा, बोरीचं एक झुडूप राहू द्या. काम एप्रिल ते जूनमध्ये काढू नका, तेव्हा दगडांत अंडी-पिलं असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. पाऊस सरल्यावर काढा. आणि ठिबकच्या फिल्टरपाशी पाणी सांडतं तिथे एक पसरट, उथळ ताटली ठेवा. धान्य टाकू नका, ते तो खात नाही, उलट त्यावर साळुंक्याच गोळा होतील.